खोली बाईच्या नावावर

आमच्या मालकीणबाई पायात पुरुषांचे बूट घालत. काळे, नाडीचे, आणि दोन्ही वेगवेगळ्या जोडांतले. डावा एका भाडेकरूने टाकलेला, उजवा दुसऱ्याने. नऊवारी लुगड्याखाली ते बूट खाड खाड वाजवत त्या बोळातून निघाल्या की नव्या माणसाला वाटायचं पोलीस आला. जुन्या माणसालाही तसंच वाटायचं, फक्त तो पळायचा नाही.

सुरतेत पर्वत पाटियाच्या अलीकडे, कापडाच्या गोदामांमागे त्यांची चाळ होती. समोरासमोर सहा-सहा खोल्या, मध्ये फरशीचा बोळ, बोळाच्या तोंडाशी नळ आणि नळाशेजारी तेलाच्या उपड्या डब्यावर बसलेल्या मालकीणबाई. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेल्या चाव्या, मनगटावर बंद पडलेलं घड्याळ. तेही कोणीतरी टाकलेलंच. राहणारे बहुतेक आमच्यासारखे खानदेशातले, लूमवर काम करणारे. मी लग्न होऊन तिथे गेले तेव्हा एकवीस वर्षांची होते, बारावी पास होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

एक ट्रंक, एक वळकटी आणि सासूबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी घेऊन आम्ही त्या नळापाशी उभे राहिलो. आमचे हे पुढे झाले. बिचारे मुळातच हळू बोलणारे, त्यात लूमच्या खडखडाटात वर्षभर राहून हळू बोललेलं कोणाला ऐकू जात नाही हेही विसरलेले. म्हणाले, "मावशी, मी परवा खोलीचं बोलून गेलो होतो. माझं नाव..."

"तुन्हं नाव कोन इचारी ऱ्हायना?" मालकीणबाई म्हणाल्या आणि हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "हिन्हं नाव सांग. माहेरनं."

ह्यांनी लग्नपत्रिका वाचलेली असल्यामुळे ते सुटले. कुजबुजल्यासारखं म्हणाले, "मंदा."

"जोरथी बोल."

"मंदा!"

"हां. आते आयक. खोली बाईना नाववर. मानूस पाव्हना."

झाला आमचा करार. खोली बाईची, पुरुष पाहुणा, आणि पाहुणा नीट वागेल तोवर त्याने राहावं. चावी बाईच्या हातात. दारावर हिरव्या ऑइलपेंटने बाईचं माहेरचं नाव. संध्याकाळी पाळी संपवून आलेल्या पुरुषाने स्वतःच्या दारासमोर उभं राहून ते नाव घेऊन हाक मारायची, आतून 'उनी!', म्हणजे आमच्या अहिराणीत 'आले!', अशी ओ येणार, मग दार उघडणार. 'अगं', 'ऐकलं का', 'पप्पूची आई' ह्यातलं काही चालायचं नाही. तसं कोणी म्हटलंच तर डब्यावरून आवाज यायचा, "आठे 'पप्पूनी माय' नावनी कोनी ऱ्हास नई. पुढला गल्लीमा देख."

आमच्याकडे बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तर जगजाहीरच आहे; पण नवराही बायकोचं नाव घेत नाही, हे तिथे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. घेत नाही म्हणजे त्याला तशी गरजच पडत नाही. घरात ती एकटीच असते आणि 'पाणी दे' म्हटलं की तिला कळतं.

माहेरचंच नाव का, तर सासरचं नाव हे कोणीतरी दुसऱ्याने लावलेलं असतं म्हणून. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यामुलाने अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं असतं. माझ्यासाठी गुरुजींनी पत्रिकेवरून 'रा' अक्षर काढलं आणि नणंदेने हौसेने नाव शोधलं, राजेश्वरी. ताट लहान, नाव मोठं. ह्यांनी 'राजेश्व'पर्यंत लिहिलं आणि शेवटच्या 'री'ला जागाच उरली नाही. तो शेजारच्या वाटीत लिहावा का, यावर गुरुजींनी आणि मामांनी थोडा विचार केला, आणि मग सगळे जेवायला गेले. सासरी चार दिवस मला 'राजी' म्हणाले, पाचव्या दिवसापासून 'धाकली'. ते नाव रेशनकार्डावर तेवढं चढलं, तोंडाने मग कोणी घेतलंच नाही. माहेराहून आलेल्या एखाद्या जड पितळी पातेल्यासारखं ते माळ्यावर कोरंच पडून राहिलं.

आम्ही आलो त्याच महिन्यात नऊ नंबरच्या खोलीसाठी एक कुटुंब आलं. दोन पोरं, तीन गाठोडी, एक सायकल. मालकीणबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि तो गृहस्थ डोकं खाजवायला लागला. सहा वर्षं संसार झालेला, पण बायकोचं माहेरचं नाव त्याला ठाऊक नव्हतं! पत्रिका छापल्या नव्हत्या, ताटातलं नाव तेवढं त्याला माहीत. त्याने बायकोकडे पाहिलं. ती तोंड उघडणार तोच मालकीणबाई गरजल्या, "तू सांगू नको वं! तो सांगी."

मग तो शेवटी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेला आणि सासुरवाडीच्या गावात दुकानदाराकडे फोन लावून त्याने सासऱ्यांना बोलावून घेतलं. सासरे धावत आले असणार, मुलीचं काही बरंवाईट झालं समजून. जावई विचारतो काय, तर तुमच्या मुलीचं नाव काय! हे सगळं बूथवाल्या गुजराती भाईने आख्ख्या नाक्याला ऐकवलं. इकडे ती बाई गाठोड्यावर बसून पदर तोंडात धरून इतकी हसली की तिला उचकी लागली. दुपारी चार वाजता तो परत आला आणि घामाघूम होऊन म्हणाला, "कमल." मालकीणबाईंनी चावी काढून कमलच्या हातात दिली. कमल पुढे माझी जिवाभावाची मैत्रीण झाली.

दारावरची नावं आधी ट्रकच्या मागे शेरोशायरी लिहिणारा एक पेंटर लिहायचा. प्रत्येक नावाला तो बाजूने दोन पोपट काढायचा. मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं, आणि पोपट बंद झाले. मालकीणबाईंना वाचता येत नव्हतं. मी नाव लिहून झालं की त्या बोटाने अक्षरं मोजत, ओलावा बोटाला लागेपर्यंत, आणि मग मान हलवत. पण बाराच्या बारा नावं त्यांना आकारावरून पाठ होती. बारा दारं म्हणजे भाडेकरूंचीच. त्यांची स्वतःची खोली बोळाच्या टोकाला, तेरावी. त्या दारावर काहीच नव्हतं. नुसता हिरवा रंग, दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसलेला. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी मालकीन. माले नाव कसाले जोयजे?" मला ते पटलं. त्या वयात मला चटकन काहीही पटायचं.

पुरुष पाहुणा असला तरी पाहुण्याला कामाला लावू नये ही रीत त्यांना मान्य नव्हती. सकाळी साडेपाचला नळ यायचा आणि त्या चाळीत पाणी पुरुष भरत. आजूबाजूच्या चाळींतल्या बायका हे बघायला मुद्दाम वाट वाकडी करून येत. नव्याने आलेल्या, लूमसाठी ताणा भरणाऱ्या एका वॉर्परने एकदा अडून म्हटलं, "मावशी, तुम्हीच म्हणता ना, मी पाहुणा?"

"पाव्हना शे ते काय व्हयनं? पाव्हनाले हात नई शेत का?"

त्याने हात पाहिले, होते. कळशी उचलली.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे टाकलेल्या वस्तू. चाळीतून कचरा म्हणून काही बाहेर जायची सोय नव्हती. कोणी फुटकी बादली उचलली, जुनं कॅलेंडर गुंडाळलं, की त्या हजर. "टाकू नको वं, माले दी दे." बिनवातीचा स्टोव्ह, एका काडीचा चष्मा, साड्यांच्या खोक्यांतले पुठ्ठे, सगळं त्यांच्या खोलीत. आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं त्या वापरून दाखवत. त्या एका काडीच्या चष्म्याला त्यांनी दुसऱ्या बाजूने साडीची लेस बांधली होती, आणि तो लावून त्या वाचता न येणारं वर्तमानपत्र तासभर धरून बसत.

त्यांना कनवाळू वगैरे म्हणायची चूक मी करणार नाही. खोलीत रडण्याला बंदी होती. "रडानं व्हई ते बाहेर जाईसन रड. भितले ओल येस." सासूला आठ दिवसांच्या वर मुक्काम नाही, हा आणखी एक नियम, आणि तो त्या डोळे मिटून लावत. कमलची सासू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती, गरीब गाय होती बाई. नवव्या दिवशी मालकीणबाईंनी तिचं बोचकं बाहेर आणून ठेवलं. मी तेव्हा त्यांच्याशी कडाकडा भांडले. डोळ्याला पट्टी बांधलेल्या म्हातारीने जायचं कुठे? दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कळलं की म्हातारी तेराव्या खोलीतच होती, मालकीणबाईंच्या खाटेवर, आणि त्या स्वतः खाली पुठ्ठे अंथरून झोपत होत्या. नियम मात्र मोडला नव्हता. मुक्काम सुनेच्या खोलीत नव्हता ना!

खोली बाईच्या नावावर हा नियम त्यांच्या डोक्यात कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही तंबाखू मळता मळता. ती जागा पूर्वी शेत होती. त्यांनी तिथे म्हशी पाळल्या, दूध घातलं, विटा वाहिल्या आणि एकेक करून खोल्या बांधल्या. कागदावर नाव अर्थातच नवऱ्याचं. तो गेला आणि तेराव्याला त्याचे भाऊ आले ते जेवून परत जाईनात. म्हणाले, चाळ आमच्या भावाची, तुम्हाला एक खोली राहायला देऊ. पुढे नऊ वर्षं त्या कोर्टात गेल्या. बारडोलीकडचा एक म्हातारा वकील त्यांना भेटला, त्याने केस जिंकून दिली. निकालाच्या दिवशी घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर पेंटरला बोलावून बारा दारांवर बारा बायकांची नावं लिहून घेतली. कायद्यात त्या हिरव्या अक्षरांना काडीची किंमत नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं.

पण एकदा त्यांनी ती किंमत करून घेतली. मला येऊन वर्ष झालं होतं. घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम मी करत होते आणि त्याला विटले होते. नाक्यापलीकडे मराठी माध्यमाची एक छोटी खाजगी शाळा होती, तिथे बालवर्गाला बाई हव्या होत्या. मला ती जागा इतकी हवी होती की मी आदल्या रात्री फळ्यावर लिहायचे धडे परातीतल्या पिठात गिरवले. मुलाखत छान झाली. मग हेडमास्तरांनी कागद पाहिले. बारावीच्या प्रमाणपत्रावर मंदा, वडिलांचं नाव, वडिलांचं आडनाव. रेशनकार्डावर राजेश्वरी, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव. हेडमास्तर म्हणाले, "ह्यात तुम्ही कोणत्या?"

मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, दोन बायकांना एक नोकरी देता येत नाही, आणि स्वतःच्या विनोदावर हसले. खरं सांगते, मला हसू आलं नाही. ह्यांच्या प्रमाणपत्रावर आणि रेशनकार्डावर एकच नाव होतं आणि त्यांना ते सांभाळायला काही करावं लागलं नव्हतं. मी घरी येऊन खोलीत रडले. भिंतीला ओल येईल इतकी रडले.

मालकीणबाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आमच्या खोलीला दार नव्हतं. नऊ नंबरवाल्याला हाताशी धरून त्यांनी ते बिजागऱ्यांवरून उतरवलं होतं, केळीवाल्याची लारी, म्हणजे हातगाडी, मागून आणली होती, दार तिच्यावर आडवं टाकलं होतं आणि बूट वाजवत पुढे निघाल्या होत्या. मी मागे धावले. पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षा थांबल्या. एका मारवाडी शेठने विचारलं, "किधर की डिलिव्हरी?" मालकीणबाई म्हणाल्या, "इस्कूल."

शाळेच्या पटांगणात प्रार्थना चालू होती. ती थांबली. लारी थेट हेडमास्तरांच्या पुढ्यात उभी राहिली.

"मास्तर, दरवाजा वाच. वाचता येस ना?"

हेडमास्तरांनी वाचलं. "मंदा."

"ही मंदा. मन्ही चाळमा ऱ्हास. बारा म्हैना व्हयनात. तुन्हा कागदवर काय बी ऱ्हावो, मना दारवर ही मंदा शे."

तोवर दोनशे पोरं 'मंदा, मंदा' असं एका सुरात म्हणायला लागली होती. हेडमास्तर वाईट माणूस नव्हता. त्याने मला त्याच दिवसापासून वर्गावर घेतलं, आणि महिन्याभरात प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणून सांगितलं; ते केलं आणि रेशनकार्डावरूनही राजेश्वरी गेली. जाताना मालकीणबाईंना म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी दाराचा फोटो आणलात तरी चालेल." त्या दिवसापासून मालकीणबाई मला 'मास्तरीण' म्हणायला लागल्या. दार परत बसवलं ते जरा तिरकं बसलं आणि शेवटपर्यंत कुरकुरत राहिलं.

मग प्लेगचं वर्ष आलं. त्या दिवसांत सुरतेत जो नव्हता त्याला ते सांगून कळायचं नाही. तोंडाला रुमाल, मेडिकलच्या दुकानांपुढे रांगा, आणि सगळं शहर पाठ फिरवून स्टेशनकडे निघालेलं. फवारणीवाले खोल्या उघडायला लावतील म्हणून चाळीतल्या बायकांनी आपापल्या चाव्या मालकीणबाईंकडे दिल्या. मी म्हटलं, "तुम्हीपण चला आमच्या गावी." त्या म्हणाल्या, "माले कोठे जानं?" आणि डब्यावर बसल्या. आम्ही नंदुरबारकडच्या गाडीत दरवाजाला लोंबकळत गाव गाठलं.

तीन आठवड्यांत सगळं निवळलं. लूम सुरू झाल्याचा निरोप आला. शाळा पण उघडणार होती, आणि हेडमास्तरांनी निघतानाच बजावलं होतं, पहिल्या आठवड्यात जी बाई हजर होईल तिलाच तिचा वर्ग मिळेल. मी पिशवी भरायला घेतली तर सासरे ओट्यावरून म्हणाले, "सून आते आठेच ऱ्हाई." कापूस वेचायला आला होता, सासूबाईंचे गुडघे दुखत होते, आणि सुरत ही काय बायकांची जागा आहे? ह्यांनी मान खाली घातली. मला म्हणाले, "दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर म्हणजे कधीच नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई अशाच एका दिवाळीनंतर सात वर्षं गावात राहिल्या होत्या. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा फार राग आला. त्यांनी हातही उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता; नुसती मान खाली घातली होती, आणि तेवढ्याने माझा वर्ग, माझे खडू, माझी चाळीस पोरं सगळं जाणार होतं. मी भांडले नाही. पिशवीतली माझी लुगडी काढून ठेवली, त्यांचे कपडे घडी करून भरले आणि म्हटलं, "चावी मालकीणबाईंकडे आहे. मागून घ्या."

पुढचं मला कमलने नंतर साभिनय सांगितलं. हे बोळात शिरले, डब्यासमोर उभे राहिले.

"मावशी, चावी."

"कोन्ही?"

"आमच्या खोलीची."

"खोली तिन्ही शे. ती कोठे शे?"

"ती गावी आहे. राहील थोडे दिवस."

"मंग तू बी ऱ्हाय. पाव्हना चावी मांगस का?"

ह्यांनी विनवण्या केल्या. कामावर जायचं आहे, अंथरूण आत आहे, सकाळपासून जेवलो नाही. शेवटच्या मुद्द्यावर मालकीणबाईंनी त्यांना भाकरी आणि ठेचा दिला, नळापाशी बसवून पोटभर वाढलं, आणि चावी दिली नाही. ते चार दिवस कारखान्यात कापडाच्या ताग्यांवर झोपले. रोज येऊन डब्यासमोर उभे राहायचे, रोज भाकरी खाऊन परत जायचे. आजूबाजूला खोली शोधली, पण गावाहून परतलेल्या लोकांनी सगळं भरलेलं. पाचव्या दिवशी ते गावात आले, मळक्या सदऱ्यात.

सासरे म्हणाले, "का रे, का वना?"

"खोली उघडत नाही."

"कुलूप तोड ना."

ह्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, "कुलूप तोडलं असतं बाबा. पण खोली तिच्या नावावर आहे." आणि एक पायरी खाली उतरून, माझ्याकडे न बघता, पुढे म्हणाले, "आणि तिची शाळा आहे."

हे दुसरं वाक्य मालकीणबाईंनी त्यांना शिकवलेलं नव्हतं. मी दाराआड उभी होते. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर त्या दिवशी मला माझा नवरा आवडला, हे आज सांगायला हरकत नाही.

आम्ही सुरतेला पोचलो तेव्हा मालकीणबाईंनी मला न्याहाळून चावी हातात दिली. मी आत गेले. ह्यांनी पाऊल उचललं तर डब्यावरून आवाज आला, "बोलाव." मी आतून दार लावून घेतलं. मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या नवऱ्याने असा मोठ्याने आवाज काढला की गोदामावरची कबुतरं उडाली. "मंदा!" सगळा बोळ टाळ्या वाजवत होता. शाळेचा दुसरा दिवस होता. वर्ग मला मिळाला.

त्यानंतर तीन वर्षांनी आम्ही कामरेजच्या रस्त्याला स्वतःचं छोटं घर घेतलं, दोघांच्या नावावर. निघायच्या दिवशी हे टेम्पो आणायला गेले होते आणि मी सामान बांधत होते. मालकीणबाई उंबऱ्यावर येऊन बसल्या.

"काय काय टाकी ऱ्हायनी?"

मी त्यांच्यासाठी ढीग काढूनच ठेवला होता. चेपलेला डबा, दोन कॅलेंडरं, चौकट गेलेली पाटी. त्यांनी ते एकेक पाहून बाजूला घेतलं. पण उठेनात. बुटाच्या नाडीशी चाळा करत म्हणाल्या, "आखो एक वस्तू तू टाकेल शे."

"कोणती?"

"तुन्हं ते सासरनं नाव. वापरेल बी नई शे. कोरं शे. माले दी दे."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"मी चवथी," त्या म्हणाल्या. "तीन पोरीसवर चवथी. मन्हं बारसंच कोनी करं नई. चवथी, पानी लई ये. चवथी, ढोरं बांध. बस." मग बाराव्या वर्षी त्यांना बिजवराला दिलं. त्याची पहिली बायको वारली होती. लग्नात ताटात तांदूळ पसरले तेव्हा नवरा म्हणाला, आता कुठे नवं नाव पाठ करत बसू, आणि मेलेल्या बायकोचंच नाव त्याने ह्यांच्यासाठी लिहिलं.

"ते तिन्हं नाव. ती मरी गयी, मंग माले लाई दिधं. ते मी दारवर लिखू का? मरेल बाईनी खोलीमा ऱ्हास का मी?"

इतकी वर्षं मी त्या कोऱ्या दारासमोरून येत-जात होते. बारा दारं रंगवणाऱ्या बाईला स्वतःच्या दारावर लिहायला काही नव्हतं, आणि मी शहाणी, मास्तरीण, मला वाटायचं ती मालकिणीची ऐट आहे. मला माझीच लाज वाटली. रडूही आलं, पण खोली अजून माझ्या नावावर होती आणि भिंतींचा नियम मला माहीत होता, म्हणून मी बोळात जाऊन रडले.

मग मी हिरवा रंग काढला. तेराव्या दारावर, शनिवारच्या फडक्याने गुळगुळीत झालेल्या त्या फळीवर, सावकाश लिहिलं. राजेश्वरी. ह्या वेळी जागा भरपूर होती, 'री' ऐसपैस बसला. त्यांनी लेसवाला चष्मा लावला, बोटाने अक्षरं मोजली. चार. बोट लुगड्याला पुसलं नाही. "मोठं शे," म्हणाल्या. "राणीनं वाटस." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

तेवढ्यात हे टेम्पो घेऊन आले. सामान चढलं. मी म्हटलं, "चावी परत देऊन या."

हे तेराव्या खोलीकडे गेले आणि दारासमोर उभे राहिले. वाचलं. माझ्याकडे वळून पाहिलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने तांदळात लिहिलेलं आणि नंतर एकदाही न उच्चारलेलं नाव ते. त्यांनी कडी वाजवली. "मावशी!" आतून काही नाही. "मालकीणबाई, चावी आणलीय!" काही नाही.

"नाव घ्या," मी म्हटलं.

"एवढ्या मोठ्या बाईचं? नुसतं? निदान पुढे 'मावशी' तरी लावतो."

"नुसतं. नियम आहे."

त्यांनी घसा खाकरला. "राजेश्वरी!"

आत शांत होतं. ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. तरी शांत. मला धास्ती वाटली. मग लक्षात आलं की तिला अजून सवय नव्हती. जन्मात कोणी तिला तिच्या नावाने हाक मारली नव्हती, तर ओ द्यायचं ते कुठून चटकन सुचणार?

"राजेश्वरी!" ह्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली, लूमच्या वर ऐकू जाईल अशी.

आतून बुटांचा आवाज झाला, खाड, खाड. आणि एक बारीक, पोरीसारखा आवाज आला, जो त्या बोळात मी कधी ऐकला नव्हता.

"उनी, उनी!"